आठ इंची ग्राइंडर आणि जिग: पावसाळाभर वापरल्यानंतर

ग्राइंडर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने परवा माझ्या तक्रारीवर फोनवर पुन्हा तेच ऐकवलं, "सर, दगड एवढा डुलायचाच." मुळीच नाही! लाकूड कातायच्या लेथवर नव्याने हात बसवणाऱ्यांनी पैसे घालण्याआधी हे वाचावं.

माझ्याकडे १४४० आरपीएमचं (मिनिटाला फेरे) धार लावायचं ग्राइंडर, ८० ग्रिटचा पांढरा दगड आणि खालून व्ही-आर्म (टोकाला व्ही खाच असलेला सरकता दांडा) येणारं जिग, म्हणजे हत्यार ठरल्या कोनात धरणारं साधन, आहे. टॉर्मेक या धार लावायच्या यंत्राचा विचार केला होता. पाण्यातला दगड मिनिटाला जेमतेम ९० फेरे घेतो, धार सुरेखच येते. पण त्या पैशात दुसरं लेथ येईल, आणि खुंट्या कातताना सारखं धारेला उठावं लागतं, तिथे एवढा संथ दगड परवडत नाही.

आता मुख्य दुखणं. दगडाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे फ्लँज (गोल तबकड्या) दाबलेल्या पत्र्याचे होते. ते सपाट नसले की नट आवळताच दगड तिरका बसतो. टेकूवर पेन्सिल दगडाच्या बाजूला जेमतेम लागेल अशी धरून दगड हाताने फिरवा: रेघ अर्ध्याच घेरावर उमटली तर समजा फ्लँज वाकडे. ड्रेसर (दगड खरवडून सारखा करायचं अवजार) मारून तोंड गोल होतं, बाजूचा डुल जात नाही. गाऊज (पन्हळीच्या आकाराचं कातायचं हत्यार) टेकवला की हाताला टकटक लागते आणि बेव्हलवर, म्हणजे धारेच्या उतारावर, एकाऐवजी दोन-तीन पैलू पडतात. नवशिक्याला वाटतं आपलाच हात कच्चा.

शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून लोखंडी फ्लँज करून घेतले. दोन्ही ७० मिमी, कारण फ्लँज दगडाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश हवा. मधे खोलगट, कडेला टेकणारे, दगडाला लागून पुठ्ठ्याच्या चकत्या. डुल गेला! दगड परत बसवताना भोकात बोट घालून लटकवा आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तरच चढवा, बद्द वाजला तर तडा आहे.

वेगाबद्दल मत बदललंय. २८५० आरपीएमवर हत्याराचं पाणी उतरतं म्हणून संथ मोटर घेतली. पण एचएसएस (हाय स्पीड स्टील) निळं पडलं तरी बिघडत नाही, साडेपाचशे अंशांपर्यंत तग धरतं. कार्बन स्टीलची जुनी पटाशी निळी पडली की मात्र तेवढा भाग घासूनच काढावा लागतो. संथ दगडाचा खरा फायदा म्हणजे हात शिकेपर्यंत पोलाद कमी खातो, आणि नवा गाऊज स्वस्त नाही.

जिग मात्र सोन्यासारखं. टेबलावर लाकडी ठोकळा स्क्रूने बसवलाय. गाऊज दर वेळी त्याला टेकवून जिगमधून ४५ मिमी बाहेर काढतो, आर्मवर खूण केलेली आहे, म्हणून कोन तोच मिळतो आणि दोन हलक्या फेऱ्यांत धार परत येते. सीबीएन चाक (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाचा थर असलेलं) जवळपास झिजत नाही, ड्रेसर लागत नाही, हे खरं. पण त्याची किंमत पाहता पांढरा दगड झिजेपर्यंत मी थांबणार.

फ्लँजचा खर्च परत मागणारी लेखी तक्रार कंपनीला दिली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.