साथीच्या दिवसांत नखं करून घ्यायची तर कुठे: मॉलमधलं सलून, गल्लीतलं पार्लर की आपलं घर?

२८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून-पार्लरं पुन्हा उघडली, ती केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. हातमोजे, अ‍ॅप्रन, मास्क तेव्हा सक्तीचे होते; प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची, दर २ तासांनी फरशी. करोना मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे पक्कं झालं. म्हणून माझ्या लेखी जागा निवडताना पहिला प्रश्न हवेचा, दुसरा हत्यारांचा. जेल मॅनिक्युअरला, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारा रंग लावून घ्यायला, तासभर सहज जातो, आणि तेवढा वेळ दोघींच्या तोंडांत हात-दीड हाताचंच अंतर असतं.

मॉलमधल्या सलूनची हत्यारं सहसा चांगली. काही ठिकाणी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) असतो आणि हत्यारांचं पाकीट आपल्यासमोर फोडतात. पण काचेच्या भिंती, खिडकी नाही, टेबलाला टेबल लागलेलं. एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, असं समजू नका. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा) प्युरिफायर चालू दिसला तर ठीक, नाहीतर शनिवारच्या गर्दीत इथे बसणं मला पटत नाही.

गल्लीतलं पार्लर याच्या बरोबर उलट. दोन खुर्च्या, रस्त्याकडे उघडणारं दार, आणि ओळखीची ताई. ‘दार उघडं ठेवाल का?’ म्हटलं तर ती ठेवते. पारख सोपी आहे: आत पाऊल टाकताच नेलपेंट रिमूव्हरचा वास नाकात घुसला, तर हवा कोंडलेली आहे. एन-९५ घालूनही तो वास येतो, कारण हा मास्क कण अडवतो, वाफ नाही.

इथली दुखरी बाजू हत्यारांची. फाइल आणि बफर सच्छिद्र असतात, नीट निर्जंतुक होत नाहीत. एकच बफर दिवसभर सगळ्यांच्या नखांवर फिरतो. तेव्हा फाइल, बफर आणि लाकडी काडी आपली आपण न्यावी. स्टीलची हत्यारं आधी साबणाने घासून, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून, बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवलेली हवीत. जेल वाळवायच्या दिव्याखाली धरून ‘निर्जंतुक केली’ म्हणत असतील तर ऐकू नका. त्या दिव्याचे किरण जेल घट्ट करण्यासाठी असतात, जंतू मारणारे किरण वेगळे. आणि क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू देऊ नका. तिथली बारीक चीर म्हणजे जंतूंना उघडं दार.

ताईला घरी बोलावलं तर खिडक्या आपल्या हातात आणि समोर माणूस एकच. बाल्कनीत टेबल मांडता आलं तर याहून चांगली जागा नाही. पण ती चार घरं करून आलेली असते आणि तीच हवा आतल्या खोलीतल्या आजी-आजोबांपर्यंत जाते. घरात कोणाची केमो चालू असेल, तर तिन्ही पर्याय सोडा. नखं घरच्या घरी कापा, फाइल करा, पुरे.

पेडिक्युअरचं म्हणाल, तर फेसाळ पाण्याच्या मशीन-टबात पाय घालूच नका, साथ असो वा नसो. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये अशाच टबांमुळे शंभराहून अधिक जणींच्या पायांवर गळवं उठली होती. पाणी खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचून त्यात जंतू वाढले होते. साधं घमेलं घासून स्वच्छ करता येतं.

जेल की साधं नेलपेंट? लाट चढती असेल तर साधं. गडद रंगाने किंवा कृत्रिम नखाने बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो, आणि साधं नेलपेंट मिनिटभरात पुसता येतं, जेल नाही. करायचंच असेल तर एक बोट कोरं ठेवा.

माझी निवड: गल्लीतलं पार्लर, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळची पहिली वेळ, दार सताड उघडं, दोघींना एन-९५. बाल्कनी असेल आणि घरात नाजूक तब्येतीचं कोणी नसेल, तर घरी. घसा खवखवत असेल तर आदल्या रात्रीच फोन करून रद्द करा आणि त्या वेळेचे पैसे तिला द्या. ताईलाही हेच सांगून ठेवा: बरं नसेल तर येऊ नकोस, पैसे मिळतील. रोज नवनव्या माणसांसमोर त्याच हवेत बसणारी ती आहे, आणि एक दिवसाचा खाडा तिला आपल्यापेक्षा फार महागात पडतो.