स्प्लेंडरला सॅडलबॅग: एक पावसाळा, कुंभार्ली घाट आणि सुकी मासळी

गाडी स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, पॉवर आठ बीएचपीच्या आसपास. हे आधीच सांगतो कारण सॅडलबॅगचे, म्हणजे सीटवरनं दोन्ही बाजूंना लोंबत्या ठेवायच्या बॅगांचे, जेवढे व्हिडिओ बघितले ते सगळे हिमालयन नाहीतर केटीएम असल्या मोठ्या गाडीवाल्यांचे आणि त्यातलं निम्मं आपल्याला लागूच पडत नाही. माझं काम कृषी सेवा केंद्रांना बियाणं, औषधं दाखवत फिरायचं, कराडवरनं पाटण, ढेबेवाडी, कोयनानगर, आणि सासरवाडी चिपळूणला, त्यामुळं कुंभार्ली घाट ठरलेलाच. बॅगा मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतल्या, आता उन्हाळा लागला, म्हणजे पाणी चिखल धूळ सगळं बघून झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसल्याच बॅगा पाच-सहा नावांनी मिळतात आणि गुणदोष थोड्याफार फरकानं तेच.

दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो लिटरचा. ४० लिटर, ५० लिटर, ६० लिटर, वर चेन उघडली की अजून १०. अरे पण आपल्या गाडीला लिटरची अडचण नाहीच, अडचण किलोची आहे. गाडीचंच वजन ११२ किलो, वर मी, मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं, म्हणजे गाडीला झेपणारं वजन माणसांतच संपलं, बॅगेच्या वाट्याला राहिलं काय? आणि मोठी बॅग असली की ती भरतेच, जागा आहे म्हणून घे हे पण, घे ते पण. म्हणून मी मुद्दाम बारक्या घेतल्या, एका बाजूला १४-१५ लिटर माल मावेल एवढ्या, आणि एका बाजूला चार-पाच किलोच्या वर टाकत नाही. नेहमीच्या फिरतीत त्यात दोन दिवसांचे कपडे, रेनकोट, कॅटलॉग आणि नमुन्यांची पाकिटं आरामात बसतात.

आता खरा विषय. छोट्या गाडीवर बॅग कोणती यापेक्षा ती टेकते कशावर हे महत्त्वाचं आहे, आणि उजवी-डावी बाजू अजिबात सारखी नाही. डाव्या बाजूला साडी गार्ड असतो, तो आयता आधार. बॅग त्याला टेकून राहते, चाकात जायचा प्रश्न नाही, आणि स्प्लेंडरला चेनला पूर्ण कव्हर असल्यामुळं पट्टा लोंबला तरी चेनमध्ये अडकत नाही. बरीच पोरं गाडी घेतल्या घेतल्या साडी गार्ड काढून माळ्यावर टाकतात, स्टाईल म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमात मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं पाहिजे, मागच्याला धरायला पाहिजे, पाय ठेवायला पाहिजे असं स्पष्ट आहे, पण ते सोडा, बॅग लावायची असेल तर गार्ड सोन्यासारखा जपा.

उजव्या बाजूला मात्र खाली सायलेन्सर. दुकानात रिकामी बॅग लावून बघितली तर भरपूर अंतर दिसतं, भरली की ती खाली ओढते आणि खड्ड्यात आपटली की अजून खाली येते. पॉलिस्टर गरम सायलेन्सरला टेकलं की जळत नाही, वितळतं, आणि ते सायलेन्सरवर असं चिकटतं की पॉलिशपेपरनंच निघतं. सायलेन्सरवरची क्रोमची पट्टी असते ती मागच्याचा पाय भाजू नये म्हणून, तिच्या भरवशावर कापड टेकवू नये. मी बॅगा लावायच्या आधी वेल्डिंगवाल्याकडनं सळई वाकवून उजव्या बाजूचा स्टे, म्हणजे बॅग टेकायला दांडी, करून घेतला, वरनं शॉकअपच्या नटाला आणि खालनं मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, वर काळा रंग. कामाला अर्धा तास. बॅगेच्या पैशात याचे पैसे आधीच धरा, कारण स्टे नसेल तर भारीतली बॅग पण लोंबतीच आहे. भरलेली बॅग आणि सायलेन्सर यात चार बोटं अंतर राहिलं पाहिजे, आणि गाडी सुरू करायच्या आधी मागं उभं राहून एकदा बघायचं की दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेट दिसतायत का. रुंद बॅगा असल्या की इंडिकेटर पूर्ण झाकले जातात आणि हायवेवर वळताना मागच्या ट्रकवाल्याला काय कळणार.

एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडं मागं बसणारी बाई साडीत असेल तर एका बाजूला बसते, पाय डावीकडं, गार्डच्या पट्टीवर. म्हणजे डावी बॅग तिच्या पायाखाली! सासूबाईंना तालुक्याला सोडायचं म्हटलं की डावी बॅग काढावीच लागते. त्यामुळं बॅगा सीटवरनं टाकायच्या पट्ट्याला बकलनं लावलेल्या असाव्यात, एक एक सुटणाऱ्या. सीटखालनं पट्टा घेणारा प्रकार दिसायला नीट, पण माझ्या गाडीची सीट काढायची म्हणजे साईड पॅनल काढा, पाना लावा, रोज कोण करणार? आणि बॅग लागली की साईड पॅनल उघडत नाही, टूलकिट त्याच्या आत. पाने, स्पार्क प्लगचा पाना आणि पंक्चरचं सामान मी बॅगेच्या बाहेरच्या खिशात हलवलंय.

पावसाचं सांगतो, कारण घ्यायचं मुख्य कारण तेच होतं. कोयनानगरला वर्षाला ४०००-५००० मिमी पाऊस पडतो, तिथं वॉटरप्रूफ या शब्दाची परीक्षा होते. बॅगेवर १००० डेनिअर, १६८० डेनिअर असं मोठं लिहिलेलं असतं आणि लोकं समजतात की जेवढा आकडा मोठा तेवढं पाणी कमी येणार. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, बास. त्यावरनं धागा जाड आहे, घासायला टिकेल एवढं कळतं, पाणी अडवतं ते आतनं मारलेलं कोटिंग. आणि कोटिंग कितीही चांगलं असलं तरी शिलाईच्या प्रत्येक भोकातनं पाणी येतंच. माझ्या बॅगेसोबत रेनकव्हर आलं होतं. साध्या पावसात ठीक, पण घाटात वारा असतो आणि खालनं चाकाचं पाणी उडतं, कव्हरच्या तळाशी पाणी साठून बॅग त्यातच बसून राहायची. कव्हरला खाली भोक पाडून घेतलं, थोडा फरक पडला. शेवटी कामाला आली ती बियाण्याची जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला दोन पिळे मारून रबर. कागदपत्रं, कपडे सगळं त्यात आणि मग बॅगेत. आख्खा पावसाळा कपडे कोरडे, बॅग ओली. ज्यांना हा व्याप नको त्यांनी वरनं गुंडाळून बंद करायच्या, शिलाईऐवजी कापडाच्या कडा तापवून चिकटवलेल्या बॅगा बघाव्यात, त्यात खरंच पाणी जात नाही, पण महाग आणि सारखं उघडझाक करणाऱ्याला कटकट.

गाडी चालवताना फरक पडतो, नाही म्हणणारे सपाटीवर चालवत असतील. कॅरिअरवर उंच वजन बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं, तेच वजन खाली बॅगेत आणि जमेल तेवढं पुढं सरकवलं की बरंच शांत. जड सामान तळाला, कपडे वर, दोन्ही बाजू हातात उचलून अंदाजानं सारख्या. मागचे शॉकअप पाच टप्प्यांचे आहेत, डबलसीट अधिक बॅगा असतील तर दोन टप्पे कडक करतो, मागच्या टायरमध्ये डबलसीटची हवा. हे केलं नाही तर गाडी मागं बसते आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. ब्रेक दोन्ही १३० मिमीचे ड्रम, भरल्या गाडीनं चिपळूणकडं उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरवायची, इंजिनला धरू द्यायचं. चढताना तर दुसरा गिअर आहेच, तिथं तिसऱ्याचा विचार करू नये.

झीज कुठं झाली? उजव्या बॅगेचं एक बकल तुटलं, शिवणवाल्यानं पन्नास रुपयात दुसरं लावून दिलं. बॅगेची चेन धुळीनं अडकायला लागली की मेणबत्ती घासायची. काळा रंग उन्हानं करडा झाला, ते धरूनच चाला. साईड पॅनलवर मात्र ओरखडे पडले, बॅग आणि पॅनलच्या मधली धूळ पॉलिशपेपरचं काम करते. आता पंक्चरवाल्याकडनं आणलेला जुन्या ट्यूबचा तुकडा मधे लावतो. त्याच ट्यूबच्या पट्ट्या कॅरिअरवर काही बांधायला पण झकास, हुकवाली इलॅस्टिक दोरी मी वापरत नाही, सुटून डोळ्यावर बसली तर काय करणार.

आणि हो, चिपळूणच्या बाजारातनं सोडे आणि सुके बोंबील आणायचे असतील तर बॅगेत टाकू नका. तीन कागद, दोन पिशव्या, तरी वास गेला कापडात. बॅग दोनदा धुतली, उन्हात वाळवली, सोडा टाकून ठेवली, तरी पुढच्या आठवड्यात एका दुकानात कॅटलॉग काढला तर दुकानदार वास घेत म्हणतो, साहेब, हे कुठलं नवीन खत? तेव्हापासनं मासळी कॅरिअरवर, डब्यात.

फायबरचे साईड बॉक्स घ्यावेत का असं बरेच जण विचारतात. कुलूप लागतं, पाणी जात नाही, रोज बँकेची किंवा वसुलीची कागदं नेणाऱ्याला तेच बरे. पण रुंदी कायमची वाढते, गल्लीत आणि पार्किंगमध्ये घासतात, आणि गाडी पडली की बॉक्स तडकतो, तिथं कापडी बॅगेला काही होत नाही. टाकीवरची चुंबकाची बॅग स्प्लेंडरच्या पत्र्याच्या टाकीवर छान बसते, मित्राची लावून बघितली, पण पोरगं पुढं बसतं त्यामुळं आमच्याकडं तो विषय बंद. जुनी सॅडलबॅग कोणी विकत असेल तर बाहेरनं बघू नका, उलटी करून आतलं कोटिंग नखानं खरवडून बघा, पापुद्रे सुटत असतील तर अर्ध्या किमतीत पण घेऊ नका.