पुराचा वास आणि साताऱ्याहून आणलेली इनोव्हा

आमच्या घरात आठ माणसं. आठही जण एकाच गाडीत बसून नृसिंहवाडीला गेलो, असं माझ्या लग्नाला सतरा वर्षं होऊनही कधी घडलं नव्हतं. एक लहान गाडी आणि मागून दिरांची मोटरसायकल, नाहीतर सरळ दोन फेऱ्या. सासूबाईंचे गुडघे अगदीच धरले आणि लहान गाडीत वाकून बसणं त्यांना जमेना, तेव्हा मोठी गाडी घ्यायचं ठरलं. नवी आवाक्यात नव्हती. मागच्या दिवाळीनंतर जुनी टोयोटा इनोव्हा घेतली. २०१४ ची, अडीच लिटर डिझेल, जीएक्स मॉडेल, आठ सीटर. आठ महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झाले आणि त्यातले बरेचसे मीच चालवले. गाडीविषयी सांगणारच आहे, पण त्याआधी जी गाडी घेतली नाही तिच्याविषयी सांगते. सांगली, मिरज, पलूस, शिरोळ भागात कुणी जुनी गाडी शोधत असेल तर त्याला तेच जास्त उपयोगी पडेल.

आम्ही सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं. ते ओसरल्यावर दोन महिने गाळ उपसला, गाद्या फेकल्या, लाकडी कपाट उन्हात वाळवलं, तरी पुढच्या पावसाळ्यात त्या कपाटातून तोच वास आला. नदीच्या गाळाचा वास घरच्या बाईला कुणी शिकवावा लागत नाही.

आम्हाला दाखवलेली पहिली इनोव्हा चंदेरी होती. नवी सीट कव्हरं, नवे मॅट, टायर काळे चकचकीत, आत मोगऱ्याचा उग्र सुगंध. किंमत बाजारभावापेक्षा पाऊण लाखाने कमी. माझे मिस्टर इंजिन बघत होते. मी मधल्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हाताने शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, एरवी गुंडाळीतच राहणारा वीतभर भाग पिवळट, आणि त्यावर सरळ आडवी रेघ. मग मॅट उचलून खालच्या कार्पेटचा कोपरा वर केला. बोटांना वाळलेला बारीक गाळ लागला. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या बोल्टना गंज. मोगऱ्याच्या खालून तो वास आलाच. विकणाऱ्याने "पावसात काच उघडी राहिली होती" असं सांगितलं. मी वाद घातला नाही. पण माणसं कर्ज काढून गाडी घेतात, तीत पोरंबाळं बसवतात. हे लपवणं मला फार वाईट वाटलं.

पुरातली गाडी धुऊन-पुसून लगेच चालूही होते. खरा त्रास पुढे सुरू होतो. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आज काच बंद पडते, उद्या दिवा, परवा गाडीच सुरू होत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते, पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात उतरतात, आणि त्या सांगलीतच राहतात असंही नाही. म्हणून मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. पॉलिसीत क्लेम नसल्याची सूट चढत आलेली दिसायला हवी. ती मधेच शून्यावर आली असेल तर का, ते विचारा. इनोव्हाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळे लहान गाड्यांसारखा स्टेपनीचा खड्डा बघून काही कळत नाही. सीटबेल्ट आणि कार्पेट, एवढं मात्र कुणालाही बघता येतं.

आमची गाडी साताऱ्यात मिळाली. सदर बाजारातले एक निवृत्त गृहस्थ, पहिलेच मालक, एमएच ११. माझ्या आतेभावाने ओळख काढून दिली. जाताना आमच्या गाडीच्या मिस्त्रींना सोबत नेलं. त्यांची दिवसाची मजुरी म्हणून दोन हजार दिले. सगळ्या व्यवहारात ते दोन हजार मला सर्वांत सार्थकी लागल्यासारखे वाटतात.

मिस्त्रींनी आदल्या रात्रीच फोन करून मालकांना सांगितलं होतं, "साहेब, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गार. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं, धूर नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. तिथून भकाभका धूर आला तर इंजिन दमलंय असं समजायचं. तसं काही नव्हतं. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून दोन टायर सात वर्षांचे निघाले. मीटर १,३८,००० दाखवत होता. ब्रेकच्या पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज त्याला जुळत होती, आणि मालकांनी सर्व्हिसची बिलं वर्षवार फायलीत लावून ठेवली होती. इनोव्हाच्या बाबतीत हे बघायलाच हवं, कारण पिवळ्या पाटीवर, म्हणजे भाड्याने धावलेल्या पुष्कळ असतात, आणि नंतर खाजगी गाडीची पांढरी पाटी झाली म्हणून आधी झालेले तीन लाख किलोमीटर पुसले जात नाहीत.

नंतर यवतेश्वरचा घाट. आम्ही पाच जण बसलो, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत. गरम होण्याचा काटा हलला नाही. उतरताना मिस्त्री मला म्हणाले, "वहिनी, इंजन सोनं हाय. पण पट्ट्याची पावती दाखवा म्हणावं." या अडीच लिटर इंजिनात चेन नसते, टायमिंग बेल्ट असतो, आणि तो लाख-दीड लाख किलोमीटरच्या आत बदलावा लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिनच उघडायची वेळ येते. फाइल शोधली, बेल्टची पावती नव्हती. मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बदललेला नाही. तिथेच किंमत बोलली गेली. सात लाख पंचाहत्तर हजार सांगितले होते, बेल्ट आणि दोन टायर धरून सात लाख दहा हजारांना ठरलं. सांगलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल्ट बदलून घेतला.

कागदात एक अडचण निघाली. कर्ज फिटून सात वर्षं झाली, तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेच्या कर्जाची नोंद, म्हणजे बोजा, तसाच होता. बँकेचा ना हरकत दाखला (एनओसी) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ देऊन तो उतरवेपर्यंत महिना गेला. तोवर आम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि मालकांनीही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. मग गाडी आमच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. बोजा राहिलेल्या गाडीचे सगळे पैसे आधी देऊ नका, विकणारा कितीही सज्जन असला तरी.

आता गाडीविषयी. सासूबाई मधल्या सीटवर न वाकता, न चढता बसतात. सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला येते. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. छतातल्या एसीची हवा शेवटच्या सीटपर्यंत जाते, त्यामुळे मुलांची भांडणं निम्मी झाली. महामार्गावर लिटरला तेरा, सांगलीत साडेदहा. भरलेली गाडी रस्त्याला चिकटून चालते, रिकामी असली की मागून उडते. आठही जण बसलात तर डिकीत दोन पिशव्या आणि पाण्याची कळशी, बस्स. पंढरपूरला जाताना वर कॅरिअर बांधावाच लागला. मागच्या सीटा दोन्ही बाजूंना उचलून अडकवल्या की मात्र चाकाची खुर्ची, गव्हाची दोन पोती आणि वर गाद्याही मावतात.

क्लच जड आहे. पहिला महिना माझा डावा पाय दुखला. साडेचार मीटरहून लांब गाडी हरभट रोडवर वळवताना अजूनही घाम फुटतो, म्हणून मागे कॅमेरा बसवून घेतला, साडेतीन हजारात. एअरबॅग आहेत की नाहीत हे जाहिरातीवरून ठरवू नका, ज्या गाडीचे पैसे देणार त्याच गाडीत बघा. त्या काळच्या गाड्यांत वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक आहे.

परवा दिरांनी घरात एक चिठ्ठी लावली. नदी आयर्विनला पस्तीस फुटांवर गेली की इशाऱ्याच्या चाळीस फुटांची वाट बघायची नाही, आधी सासूबाईंना गाडीत बसवायचं आणि गाडी मिरजेला माझ्या बहिणीच्या दारात नेऊन लावायची. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेली असते. ती कुठे आहे, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक आहे.