विहिरीवरच्या मोटरीसाठी फ्रीआरटीओएस का झेफर?

वरूडकडं संत्र्याच्या बागेत मोटरीचा कंट्रोलर बनवाचा होता तं फ्रीआरटीओएस आन् झेफर, म्हणजे छोट्या कंट्रोलर चिपवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम, दोन्ही वापरून पाह्यल्या. फ्रीआरटीओएस म्हणजे मुळात नुसतं कर्नल (कोणतं काम कधी चालवाचं ते ठरवणारा गाभा); जीपीआयओ (चालू-बंदच्या पिना) आन् एडीसी (व्होल्टेज आकड्यात मोजणारा भाग) यायचे ड्रायव्हर चिप कंपनीच्या एसडीकेतून (तयार कोडच्या संचातून) घ्या लागते, ईएसपी३२ चिपच्या एसडीकेत फ्रीआरटीओएस आधीच बसवून येते म्हणून काम लय लवकर झालं, पण पुढं एसटीएम३२ ही दुसऱ्या कंपनीची चिप घेतली तं ड्रायव्हरवाला सगळा कोड पुन्हा लिहा लागला, जीव कावला. झेफरमधी बोर्डाचं वर्णन डिव्हाइसट्रीत (कोडापासून वेगळ्या, हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाईलीत) राह्यते, पिन बदलली तं ओव्हरले फाईलीत (त्या वर्णनात बदल करणाऱ्या छोट्या फाईलीत) दोन-चार ओळी लिहा लागते, बिल्ड करताना बोर्डाचं नाव बदललं का बहुतेक कोड तसाच चालते. शिकाले जड हाय, तरी मी झेफरच घेईन. फक्त बोर्ड झेफरच्या यादीत हाय म्हणून लगेच विकत नोका घेऊ, आपल्याले लागणारा एडीसी सपोर्टेड हाय का ते डॉक्युमेंटेशनमधी आधी पाहून घ्या.