कॅनिंग स्टॉक रूट आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर: सात महिन्यांनंतर

फेब्रुवारीत घेतलेल्या, टायरमध्ये हवा भरायच्या या दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेसरने आधी लान्सेलिनच्या वाळूत सराव केला. जून-जुलैमध्ये आमच्या दोन गाड्या कॅनिंग स्टॉक रूटवर, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या गुरं नेण्याच्या जुन्या वाटेवर, विलुनाहून निघाल्या आणि सुमारे १८५० किलोमीटर तुडवत एकोणीस दिवसांनी हॉल्स क्रीकला पोचल्या.

वाटेत वाळूच्या नऊशेच्या आसपास टेकड्या आहेत. पहिल्या उंच टेकडीवर मी टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवून जोर लावला आणि तीनदा मागे घसरलो. हवा १८ वर आणली, तर तीच गाडी लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये) शांतपणे वर गेली. हवा न सोडता चाकं गरगर फिरवली की चढावर खड्डे पडतात, आणि मागून येणाऱ्यांना ते भोगावे लागतात. म्हणून हवा सोडायचा कंटाळा करू नका, ही कळकळीची विनंती. उंच काठीवरचा झेंडा आणि गाड्यांनी एकमेकांशी बोलायचा यूएचएफ रेडिओही हवाच, कारण टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाही.

दगडाळ पट्टा आला की हवा परत भरायची. १८ वरून २८ वर चारही चाकं न्यायला अकरा-बारा मिनिटं लागतात. यंत्र फार तापतं, म्हणून दोन चाकांनंतर मी पाच मिनिटं थांबतो. पत्र्याच्या पन्हाळीसारख्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बुडाचे स्क्रू ढिले झाले, पाइपच्या सांध्यातून हवा गळू लागली. सांध्याला टेफ्लॉन टेप लावली, ती अजून टिकून आहे. फिल्टर रोज संध्याकाळी झटकावा लागतो.

डिझेलचा हिशेब नीट करा. विलुनापासून ३३ नंबरच्या विहिरीजवळच्या कुनावरिचीपर्यंत जवळपास हजार किलोमीटर पंप नाही, आणि वाळूत गाडी जास्त पिते. परवाने निघण्याआधीच काढा.

विहिरींपाशी मात्र घाई करू नका. उत्तरेकडच्या किंबर्ली भागातली गुरं दक्षिणेकडे हाकत न्यायची म्हणून आल्फ्रेड कॅनिंगने १९०६-०७ मध्ये ही वाट आखली, १९०८ ते १९१० मध्ये विहिरी बांधल्या. पाणी दाखवावं म्हणून त्याच्या माणसांनी इथल्या मूळ रहिवाशांना साखळ्यांनी बांधलं होतं. त्यावर १९०८ मध्ये शाही चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवलं. मी माणदेशात वाढलो. आमच्याकडे वाटसरूला पाणी आपणहून देतात. पाणी ज्यांचं, त्यांनाच साखळदंड, हे वाचल्यावर त्या विहिरींच्या काठावर मला नुसता फोटो काढून निघवेना. ३७ नंबरच्या विहिरीजवळ १९११ मध्ये मारल्या गेलेल्या गुराख्यांच्या कबरी आहेत, तिथेही आम्ही बराच वेळ थांबलो. गुरांचा शेवटचा कळप १९५९ मध्ये गेला. बऱ्याच विहिरी आता ढासळल्यात. काही दुरुस्त केल्या आहेत, त्यांतल्या २६ नंबरच्या विहिरीचं पाणी आम्ही उकळून वापरलं. डर्बा स्प्रिंग्जच्या घळीत झाडांच्या सावलीत दोन रात्री काढल्या. मुलांनी तिसरी मागितली होती, ती द्यायला हवी होती.

कॉम्प्रेसर पुन्हा घेईन का? हो, हाच घेईन. फक्त सोबतचा सहा मीटरचा पाइप मागच्या डाव्या चाकापर्यंत ताणावा लागतो, तेव्हा दहा मीटरचा वेगळा घ्या.