ड्राइव्हमध्ये डिस्क आहे की नाही? ओळखण्याच्या पद्धतींची तुलना

लातूर-परभणीकडच्या एखाद्या फोटो स्टुडिओला लग्नाच्या जुन्या डीव्हीडी संगणकावर उतरवून द्यायच्या असतील आणि डिस्क घालताच नक्कल आपोआप सुरू व्हावी अशी सोय लिनक्सवर करायची असेल, तर ड्राइव्ह भरलेला आहे की रिकामा, हे आधी खात्रीने कळले पाहिजे.

सर्वांना प्रथम सुचतो तो मार्ग म्हणजे डिस्क माउंट करून (म्हणजे तिच्यावरच्या फाइल दिसतील अशी संगणकाला जोडून) पाहणे किंवा ड्राइव्हची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ या आज्ञेत दिसणारा आकार पाहणे. दोन्ही फसवे आहेत. कोऱ्या डिस्कवर आणि ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टीमच (फाइल मांडून ठेवण्याची रचना) नसल्याने माउंट फसते व ड्राइव्ह रिकामा वाटतो. उलट खरोखर रिकाम्या ड्राइव्हपुढेही ही यादी पुष्कळदा १०२४ एमबी छापते, तो ड्रायव्हरने (ड्राइव्ह चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) गृहीत धरलेला आकडा असतो.

त्यापेक्षा थेट ड्राइव्हलाच विचारावे. ‘सीडीरॉम ड्राइव्ह स्टेटस’ या आयओसीटीएल विनंतीला (प्रोग्रामने उपकरणाला थेट केलेल्या विचारणेला) १ उत्तर आले तर डिस्क नाही, २ म्हणजे ट्रे उघडा, ३ म्हणजे ड्राइव्ह अजून तयार नाही आणि ४ म्हणजे डिस्क आहे. ० आले तर माहितीच मिळत नाही असे समजावे. यांतला ३ महत्त्वाचा, कारण नुकतीच घातलेली डिस्क वेग घेईपर्यंत तोच येऊ शकतो, आणि त्याला नकार समजणारा प्रोग्राम चांगली डिस्कही परत पाठवतो. थोडे थांबून पुन्हा विचारावे. प्रोग्राममधून हे डिव्हाइस उघडताना ‘नॉनब्लॉक’ ध्वज (डिस्कची वाट न पाहता उघड, असे सांगणारा पर्याय) मात्र विसरू नये, नाहीतर रिकाम्या ड्राइव्हवर उघडणेच फसते, आणि ट्रे उघडा असेल तर तो डिस्क ठेवायच्या आतच स्वतःहून मिटू शकतो.

दर वेळी विचारत बसणे नको असेल, तर युडेव्हच्या, म्हणजे उपकरणांतले बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या, सूचनेवर अवलंबून राहता येते. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.६.३८ आवृत्तीपासून ड्राइव्हची चौकशी कर्नल स्वतःच करू शकतो, युडेव्हच्या नेहमीच्या नियमांनुसार दर २ सेकंदांनी. अडचण एवढीच की सूचना बदलाची मिळते, स्थितीची नव्हे. आपल्याकडे लाइट जाऊन परत येते तेव्हा डिस्क आतच असते, आणि प्रोग्राम उशिरा सुरू झाला तर ती सूचना त्याच्या हाती लागत नाही. म्हणून माणूस समोर बसणार असेल तर थेट विचारणे पुरते. यंत्र एकटे चालणार असेल तर युडेव्ह घ्यावे, पण सुरुवातीला स्थिती एकदा विचारूनच.

विंडोजवर काम असेल तर डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती-यंत्रणेतील ‘मीडिया लोडेड’ हा गुणधर्म पाहावा.