धर्माकडे पाहायला शिकवणारे बारा शनिवार : एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

पुण्यातील एका संस्थेने धर्माच्या तात्त्विक आणि समाजशास्त्रीय अभ्यासाविषयी मराठीतून चालवलेला बारा आठवड्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, एक दिवस जेजुरीची क्षेत्रभेट, सुमारे दीडशे पानांची वाचनपुस्तिका आणि शुल्क ६,५०० रुपये, असे त्याचे स्वरूप होते. मी शाळेत इतिहास शिकवते आणि आमचे कुलदैवत खंडोबा आहे. या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच मी वर्गात गेले, आणि या वर्गाविषयीचे माझे मतही या दोन्हींतून तयार झाले आहे. शुल्काचे पैसे मला वसूल वाटले. तरीही या विषयातला जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याला वर्गाने फार थोडा वेळ दिला, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिला शनिवार अतिशय उत्तम होता. ‘रिलिजन’ या शब्दासाठी आपण ‘धर्म’ हा शब्द वापरतो, पण शेजारधर्म, आपद्धर्म, धर्मशाळा, धर्मादाय आयुक्त आणि जनगणनेच्या अर्जातला ‘धर्म’ हा रकाना या सर्व ठिकाणी तो शब्द एकच काम करत नाही, एवढीच गोष्ट प्राध्यापकांनी दोन तास उलगडून दाखवली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत धर्मशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यात दायभाग म्हणजे वारसाहक्काची वाटणी आहे, राजधर्म आहे, तीर्थयात्रा आहे, प्रायश्चित्ते आहेत. त्यातला ‘धर्म’ जनगणनेच्या रकान्यात मावत नाही. ज्या शब्दाने अभ्यास करायचा त्या शब्दाचाच आधी अभ्यास करावा लागतो, ही जाणीव पहिल्याच दिवशी झाली आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

पुढचे सहा शनिवार समाजशास्त्राचे होते. टायलर, मार्क्स आणि मॅलिनॉव्स्की हे धर्माविषयी सिद्धान्त मांडणारे विचारवंत एका शनिवारात उरकले गेले, आणि ते मला फारसे खटकले नाही, कारण त्यामुळे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेमला भरपूर जागा मिळाली. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात द्युरकेमने ऑस्ट्रेलियातील आदिवासी समूहांच्या गणचिन्हांचा, म्हणजे कुळाची खूण मानलेल्या प्राणी-वनस्पतींचा (टोटेम) अभ्यास मांडला. तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता. इतरांनी तिथे राहून लिहिलेल्या वृत्तांतांवर त्याची सगळी भिस्त होती, हे प्राध्यापकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. पवित्र मानलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्या जातात, त्यांच्याभोवती निषेध उभे राहतात आणि त्या पाळणारे लोक एका नैतिक समुदायात बांधले जातात, हा त्याचा सिद्धान्त. येथे वाचनपुस्तिकेतील भाषांतराने मात्र घोटाळा केला. ‘पवित्र’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात सोवळे उभे राहते, आणि अर्धा वर्ग दोन आठवडे पावित्र्य म्हणजे शुद्धता असे समजून चालला होता. प्रत्यक्षात द्युरकेमच्या मते अशुद्ध आणि भयप्रद गोष्टसुद्धा या अर्थाने पवित्र असू शकते, कारण तीही रोजच्या व्यवहारातून वेगळी काढलेली असते. सुतकातल्या घराचे उदाहरण दिले असते तर ही गोष्ट पाच मिनिटांत समजली असती. पुस्तिकेची भाषा एकदा जाणकार संपादकाच्या हाताखालून गेली पाहिजे.

या चर्चेला खरी धार आली ती मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्यामुळे. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालताना त्यांनी जे पाहिले, त्याच्या वर्णनातील काही पाने वर्गात वाचली गेली. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसत, आणि बाईंना ते सलत होते. मग नैतिक समुदाय कोठून कोठपर्यंत मानायचा? अभंग म्हणताना तो एक असतो आणि पान वाढताना दोन होतो काय? प्राध्यापकांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. द्युरकेमच्या व्याख्येला हा अनुभव कोठे अडतो ते प्रत्येकाने लिहून आणावे, असे सांगितले. बारा आठवड्यांतला मला सर्वांत आवडलेला गृहपाठ तो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरला दोन शनिवार मिळाले. आपल्या वाट्याला मोक्ष आहे की नाही हे आधीच ठरलेले आहे, या शिकवणुकीने अस्वस्थ झालेला कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) माणूस शिस्तबद्ध कामात आपल्या निवडीची खूण शोधू लागला, आणि त्या वृत्तीचे आधुनिक भांडवलशाहीशी नाते जुळले, हा १९०४–०५ मधील युक्तिवाद नीट शिकवला गेला. भारताविषयीच्या त्याच्या लेखनावरील चर्चा त्याहूनही चांगली झाली. कर्मसिद्धान्त आणि जातिव्यवस्था यांची एकमेकींत पक्की बसलेली जोडी वेबरला दिसली. पण नामदेव शिंपी, गोरा कुंभार आणि सावता माळी यांची भक्ती आपल्या कामातून बाहेर न पडता त्या जोडीला वेगळ्याच बाजूने भिडते, तिचे काय करायचे, यावर वर्ग ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त चालला आणि कोणी उठले नाही.

जेजुरीच्या क्षेत्रभेटीसाठी तर हा वर्ग दुसऱ्यांदा करायची माझी तयारी आहे. आदल्या शनिवारी गुंथर सोन्थायमर यांच्या कामाची ओळख करून दिली होती. हायडेलबर्गच्या या विद्वानाने धनगरांबरोबर वर्षानुवर्षे फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास केला आणि वस्तीचे क्षेत्र व रानाचा मुलूख यांच्यातील देवाणघेवाण आपल्या दैवतांत कशी दिसते ते दाखवले. खंडोबाची म्हाळसा वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दोन लग्नांत गावकुसातले आणि गावकुसाबाहेरचे जग एका देवाशी जोडले जाते, हे मला या वयात प्रथमच दिसले. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे काम माहीत असणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही, पण पायऱ्या चढताना, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या दगडांवर उभे राहून ते ऐकण्याची गोष्ट निराळी आहे.

त्या दिवशीचा एक प्रसंग मुद्दाम सांगते. एका जागरणात वाघ्याच्या अंगात आले. आमच्यातील एकाने वहीत लिहिले की तो संमोहित अवस्थेत गेला. प्राध्यापकांनी ती ओळ खोडायला सांगितली. तो स्वतः काय म्हणतो ते आधी लिहा. तो म्हणतो, देवाचे वारे आले. तुमचे स्पष्टीकरण पुढच्या पानावर लिहा, आणि ते तुमचे आहे असेही लिहा. परतीच्या बसमध्ये त्यांनी वेन प्राउडफूट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८५ मध्ये केलेला भेद समजावला. भक्ताच्या अनुभवाचे वर्णन करताना त्याची स्वतःची परिभाषा टाळली, तर आपण ज्याचा अभ्यास करतो आहोत ती गोष्टच हातातून निसटते. त्या अनुभवाचे स्पष्टीकरण मात्र भक्ताला मान्य नसलेल्या कारणांनीही देता येते, फक्त ते पुराव्यावर टिकले पाहिजे. श्रद्धावंताचा मान आणि अभ्यासकाचे स्वातंत्र्य हे दोन्ही या भेदाने राखले जातात. माझ्या आईने भरलेली तळी आणि माझ्या हातातील नोंदवही यांच्यातले भांडण मिटवण्याची वाट मला त्या बसमध्ये सापडली.

माझी मुख्य तक्रार याच ठिकाणी आहे. हा भेद संपूर्ण वर्गाचा कणा व्हायला हवा होता, आणि त्याला मिळाली बसमधली वीस मिनिटे. तत्त्वज्ञानाचे म्हणून जे दोन शनिवार ठेवले होते, त्यांत ह्यूम, कांट, विल्यम जेम्स आणि रुडॉल्फ ओटो असे पाश्चात्त्य विचारवंत सगळे घाईने येऊन गेले. ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे आणि त्यांवरील आक्षेप फळ्यावर लिहिले गेले, आम्ही ते उतरवून घेतले, आणि आधीच्या सहा आठवड्यांशी त्यांचा काय संबंध हे कोणी विचारले नाही. समाज भक्तीतून स्वतःलाच पूजतो, असे द्युरकेम म्हणतो तेव्हा भक्ताची श्रद्धा खोटी ठरते का? एखादी श्रद्धा कशी निर्माण झाली हे सांगितल्याने ती खरी की खोटी हे ठरते का? हे प्रश्न समाजशास्त्राच्या प्रत्येक शनिवारी उठत होते आणि ‘ते तत्त्वज्ञानात पाहू’ म्हणून पुढे ढकलले जात होते. तत्त्वज्ञान आले तेव्हा त्यासाठी वेळ उरला नाही.

डॉ. आंबेडकरांवरील शनिवार मात्र या उणिवेची बरीच भरपाई करतो. धर्म न्यायाच्या आणि उपयुक्ततेच्या कसोटीवर तपासला पाहिजे, ही त्यांची मांडणी वर्णनाच्या आणि स्पष्टीकरणाच्याही पुढे जाऊन मूल्यमापन मागते. जेजुरीहून आल्यावर मुरळी सोडण्याच्या, म्हणजे मुलगी खंडोबाला वाहण्याच्या, आता कायद्याने बंद असलेल्या प्रथेची चर्चा याच शनिवारी झाली, आणि ती प्रथा केवळ समजून घेऊन अभ्यासकाला थांबता येणार नाही, हे सर्वांनाच जाणवले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराकडे राजकीय घटना म्हणून पाहणाऱ्या आमच्यातील काहींना, त्यामागे धर्म म्हणजे काय याचाच एक पूर्ण विचार उभा आहे, हे येथे उमगले.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव मात्र बारा आठवड्यांत एकदाही निघाले नाही, आणि याचे मला दुःख झाले. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात राहून धर्मांचा तौलनिक अभ्यास करणारा आणि परत आल्यावर १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी मिशन उभारणारा हा मराठी माणूस या विषयाचा आपला पहिल्या पिढीचा विद्यार्थी होता. मराठीतून चालणाऱ्या वर्गाने त्याला एक शनिवार द्यायला हवा. ही सूचना मी संस्थेला लेखी दिली आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर खोली हवेशीर होती, ध्वनिव्यवस्था साधारण, आणि शेवटच्या निबंधांवरचे अभिप्राय सहा आठवडे उशिरा आले. पण ते आले तेव्हा प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते, आणि इतक्या काळजीने माझे लेखन मी पदवीच्या काळातही तपासून घेतलेले नाही.

तत्त्वज्ञानाची किंवा समाजशास्त्राची पदवी घेतलेल्यांना यातला बराच भाग माहितीचा वाटेल. शिक्षक, पत्रकार, कीर्तनकार आणि ज्यांच्या घरात देवघर व वाचन दोन्ही आहेत अशा कोणीही नाव नोंदवायला हरकत नाही. फक्त पहिल्या शनिवारच्या आधी एखादे जागरण, भजन किंवा उरूस जाऊन पाहावा आणि जे दिसले ते चार पाने लिहून ठेवावे. ती पाने बाराव्या शनिवारी पुन्हा काढून वाचता येतील.